शीर्षक नसलेली एक तबकडी : जीन क्लार्क, १९७१

माळ्यावरचा (इंदूर) यांचा प्रश्न

नमस्कार. रामबागेतले आमचे जुने घर रिकामे करण्याचे काम सध्या चालू आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत धाकट्या काकांच्या एकोणतीस एलपी सापडल्या. बहुतेकांची ओळख लगेच पटली: नाट्यगीते, उस्ताद अमीर खाँ, भीमसेन जोशी, दोन-तीन हिंदी चित्रपट. एक तबकडी मात्र या घरात कशी आली असावी, ते काही केल्या कळत नाही. तिच्या कव्हरवर एक माणूस उभा आहे; उजेड त्याच्या पाठीमागून येत असल्यामुळे त्याची आकृती जवळजवळ काळी दिसते. नाव एवढेच छापले आहे: जीन क्लार्क. ॲल्बमचे शीर्षक कव्हरवर कुठेच नाही, आणि तबकडीवरचे लेबल बुरशीने असे खाल्ले आहे की त्यावरून काही वाचता येत नाही. मागच्या बाजूला काकांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे: ‘डेल्फ्ट, मार्च १९७२’.

काका इथल्या गोविंदराम सेकसरिया महाविद्यालयातून इंजिनिअर झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी दोन वर्षे हॉलंडला होते. ते जाऊन आता अकरा वर्षे झाली, त्यामुळे त्यांना विचारणे शक्य नाही. घरात त्यांच्या तोंडी इंग्रजी गाणे मी कधी ऐकलेले नाही. शेजाऱ्यांकडून रेकॉर्ड प्लेअर मागून आणून मी पहिली बाजू एकदा ऐकली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तीत फारसे काही घडत नाही असे वाटले: गिटार, माऊथ ऑर्गन आणि एक खिन्न आवाज. या ॲल्बमचे नाव काय, तो इतका अपरिचित का राहिला, आणि नाट्यसंगीतावर वाढलेल्या इंदूरच्या मुलाने परदेशात मोजक्या पैशांतून तो का विकत घेतला असेल, यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा. मन लावून ऐकावा असा तो आहे का, हेही सांगावे.

जुनी सुई यांचे उत्तर

आपल्या हाती ‘व्हाइट लाइट’ हा ॲल्बम आला आहे. तो ऑगस्ट १९७१ मध्ये ए अँड एम कंपनीने काढला. कव्हरवर शीर्षक छापलेले नसल्यामुळे अनेक याद्यांमध्ये त्याची नोंद नुसती ‘जीन क्लार्क’ अशीच होते, आणि दुकानात नावाने मागायला गेलेल्या माणसाला तो समोर असूनही सापडला नाही, तर त्यात नवल नाही. पुढे जे झाले त्याची ही जणू नांदीच होती.

क्लार्क यांचा जन्म १९४४ मध्ये मिसुरी राज्यातल्या टिप्टन या लहान गावी, मोठ्या खटल्याच्या घरात झाला. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला ‘द बर्ड्स’ हा रॉक गट उभा राहिला, त्याच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि सुरुवातीच्या काळातील त्यांचे सर्वांत सकस गीतकारही. विमानप्रवासाची त्यांना विलक्षण धास्ती होती. १९६६ च्या आरंभी त्यांनी गट सोडला, त्यामागे इतर ताणतणावांबरोबर हेही एक मोठे कारण होते. ज्या व्यवसायात आज या शहरात तर उद्या त्या शहरात गावे लागते, तिथे विमानात न बसणारा गायक कुठवर टिकणार? तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक ॲल्बमची कथा एकाच वळणावर येऊन थांबते: गाणी उत्तम, जाणकारांची दाद मिळालेली, आणि दौरे नसल्यामुळे विक्री जेमतेम. १९६८ मध्ये बँजोवादक डग डिलार्ड यांच्याबरोबर त्यांनी कंट्री आणि रॉक यांची जी सांगड घातली, तिच्या वाटेवरून पुढे दुसऱ्यांनी नाव आणि पैसा दोन्ही कमावले. ‘ईगल्स’ या रॉक गटाच्या १९७२ च्या पहिल्या ॲल्बममधले ‘ट्रेन लीव्हज हिअर धिस मॉर्निंग’ हे गाणे क्लार्क आणि बर्नी लेडन यांचेच आहे.

त्यानंतर क्लार्क शहर सोडून उत्तर कॅलिफोर्नियात, मेंडोसिनोच्या समुद्रकाठी राहायला गेले. ‘व्हाइट लाइट’ची गाणी त्या मुक्कामाच्या आसपासची आहेत. निर्मिती आणि गिटार जेसी एड डेव्हिस यांची. हे ओक्लाहोमाचे, कायोवा आणि कोमांची या मूळ अमेरिकी समाजांतून आलेले वादक होते. आपल्याकडच्या वाचकांनी त्यांना बहुधा पाहिलेलेही असेल, फक्त नाव ठाऊक नसेल: १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी जी मैफल झाली, जिची सुरुवात पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखाँ यांनी केली, तिच्या उत्तरार्धात जॉर्ज हॅरिसन यांच्या साथीला जे गिटारवादक होते, त्यांत डेव्हिसही होते. आपल्या हातातला ॲल्बम त्याच महिन्यातला आहे.

आता काकांविषयी. अमेरिकेत ज्या ॲल्बमकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, त्याला हॉलंडमध्ये तिथल्या रॉक समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम ॲल्बम ठरवले होते. क्लार्क यांचा त्यानंतरचा ‘रोडमास्टर’ हा संग्रह तर १९७३ मध्ये फक्त हॉलंडमध्येच प्रसिद्ध झाला. म्हणजे मार्च १९७२ मध्ये ही तबकडी सहज विकत घेता येईल आणि वसतिगृहात तिच्याविषयी कोणी बोलत असेल, असा देश जगाच्या पाठीवर कोणता असेल, तर तो काकांचाच होता. त्यांनी काही विचित्र केले नाही. त्या गावात त्या वर्षी जे चांगले म्हणून सांगितले जात होते, ते घेतले. विचित्र झाले ते नंतर, म्हणजे ती तबकडी इंदूरला आली आणि तिच्याविषयी बोलायला कोणी उरले नाही.

ऐकण्याविषयी: दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा. तिच्यावरचे पहिले गाणे ‘फॉर अ स्पॅनिश गिटार’ हे या ॲल्बमचे हृदय आहे.

परखड यांचे उत्तर

जुनी सुई यांनी दिलेली माहिती बरोबर आहे. मात्र ‘दुर्लक्षित’ या शब्दाभोवती जी आरती चालते, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. जी वस्तू विकली गेली नाही ती थोरच असली पाहिजे, असा एक समज हल्ली जुन्या तबकड्यांच्या शौकिनांत रुजला आहे. क्लार्क यांचा १९७४ चा ‘नो अदर’ हा खर्चिक ॲल्बम अमेरिकेतल्या लोकप्रिय ॲल्बमच्या यादीत १४४ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही, आणि २०१९ मध्ये तो थाटामाटात पुन्हा निघाला तेव्हा तेच अपयश त्याच्या जाहिरातीचा भाग झाले. रॉबर्ट प्लांट आणि ॲलिसन क्रॉस या गायकांनी २००७ च्या आपल्या एकत्रित ॲल्बममध्ये क्लार्क यांची दोन गाणी गायली, आणि त्या ॲल्बमला पुढे ग्रॅमीचा सर्वोच्च सन्मानही मिळाला. अशा माणसाला अजून विस्मृतीत गेलेला म्हणत राहणे हा थोडा शिळा शिष्टाचार आहे.

तबकडीवरच बोलायचे तर नऊ गाण्यांतली चार पक्की आहेत. ‘विथ टुमॉरो’ हे डेव्हिस यांच्याबरोबर लिहिलेले छोटेसे गाणे निर्दोष आहे, ‘बिकॉज ऑफ यू’ही चांगले. ‘द व्हर्जिन’मध्ये आणि शीर्षकगीतात मात्र शब्दांचा मोह अनावर होतो, प्रकाश, आत्मा, काळ अशी मोठमोठी नामे एकापुढे एक येतात आणि त्यांच्या गर्दीत अर्थ हाताला लागत नाही. आपल्याकडे एखादा नवकवी असे लिहिता तर आपणच त्याची खिल्ली उडवली असती. ‘टिअर्स ऑफ रेज’ हे बॉब डिलन आणि रिचर्ड मॅन्युएल यांचे गाणे. १९६८ मध्ये ‘द बँड’ या गटाने ते गायले ते इतके चांगले, की ते पुन्हा गाण्याची गरज मला वाटत नाही.

प्रश्नकर्त्यांना पहिल्या ऐकण्यात ‘फारसे काही घडत नाही’ असे वाटले, यात त्यांची चूक नाही. पहिल्या बाजूवर खरोखरच कमी घडते.

तानपुरा, ग्वाल्हेर यांचे उत्तर

मी गाणे शिकलेली बाई आहे, रॉकची अभ्यासक नाही. हा ॲल्बम माझ्या मुलामुळे कानावर पडला. परखड यांच्या शब्दांविषयीच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण इंग्रजी शब्द मला निम्मेच कळतात. तरी ‘काही घडत नाही’ या विधानाबद्दल थोडे सांगावेसे वाटते.

‘फॉर अ स्पॅनिश गिटार’ ऐकताना गायकाच्या ओळी कुठे संपतात याकडे लक्ष द्यावे. ओळ लांब असते, एका श्वासात ती पुरी होईल की नाही अशी शंका येते, आणि शेवटचा शब्द तो जोर देऊन ठेवत नाही तर सोडून देतो. त्यानंतरची रिकामी जागा गिटार लगेच भरायला धावत नाही. आपल्याकडे साथीदाराला गुरुजी सांगतात की गायक थांबला म्हणजे तुझी पाळी आली असे समजू नकोस. ते या लोकांना ठाऊक आहे. डेव्हिस यांची गिटार तर जिथे बोटातली नळी (‘स्लाइड’) तारेवरून घसरते तिथे सरळ मींड घेते, दोन स्वरांमधली वाट दाखवते, आणि तेवढे करून बाजूला होते. पूर्ण ॲल्बममध्ये आपण किती चांगले वाजवतो हे सांगण्यासाठी त्यांनी काही वाजवल्याचे मला जाणवले नाही. संयम हा ऐकणाऱ्याला नेहमी उशिराच ऐकू येतो.

इंदूरच्या माणसाला देवास दूर नाही, म्हणून एक उदाहरण देते. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्यातल्या बायकांची गाणी येत राहिली. पुढे त्यांनी त्या धुना टिपल्या, त्यांच्यात दडलेले राग शोधले, आणि हे करताना धुनेचा साधेपणा झाकला जाणार नाही याची काळजी घेतली. मी या दोघांची तुलना करत नाही. तशी तुलना कोणी केली तर मलाच आवडणार नाही. सांगायचे आहे ते एवढेच की लोकगीतातून आलेली चाल तिच्या गरजेपेक्षा जास्त सजवली की मरते, हे काकांसारख्या माळव्यात वाढलेल्या श्रोत्याला कोणी शिकवायची गरज पडली नसेल. अमीर खाँसाहेबांची विलंबित लय ज्याच्या घरात वाजत होती, त्याला संथपणाचाही त्रास झाला नसेल. त्या ट्रंकेतल्या इतर अठ्ठावीस तबकड्यांपासून ही एकोणतिसावी तुम्ही समजता तेवढी दूर नाही.

आणखी एक. ‘द बर्ड्स’चे १९६६ चे ‘एट माइल्स हाय’ हे गाणे लिहिण्यात क्लार्क यांचा मोठा वाटा होता, आणि त्याआधीच्या दौऱ्यात हा गट बसमध्ये जॅझवादक जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर यांच्या वादनाची ध्वनिफीत पुन्हा पुन्हा ऐकत असे. ‘व्हाइट लाइट’मध्ये सतारीचा आभास निर्माण करण्याचा कोणताही प्रयत्न नाही, आणि ते मला बरेच वाटते.

स्नेहलतागंजकर यांचे उत्तर

बुरशी असलेली तबकडी तशीच वाजवली असेल तर कृपया थांबा. आधी ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी घासण्याच्या साबणद्रवाचे दोन थेंब टाकून, मऊ सुती कापडाने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल फिरवत पुसा. लेबल ओले होऊ देऊ नका. नंतर नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुसून सावलीत उभी वाळवा. कागदी पिशवी बदला, बुरशीचे घर तीच असते. इंदूरच्या मे महिन्यात तबकडी गच्चीवर किंवा गाडीत विसरलात तर तिचा पापड होईल, हे वेगळे सांगायला नको.

प्लेअर मागून आणलेला आहे, म्हणून वेगही तपासा. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. लेबलाच्या कडेला कागदाचा एक कपटा ठेवा, घड्याळ लावा आणि मोजा. शंभराऐवजी चौऱ्याण्णव भरले तर गाणे सुमारे अर्ध्या स्वराने खाली उतरलेले असते: पेटीवर सांगायचे तर काळी दोनमधले गाणे पांढरी दोनमध्ये वाजते.

माळ्यावरचा (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. तबकडी सांगितल्याप्रमाणे धुतली, तीन दिवस वाळवली आणि या वेळी दुसऱ्या बाजूपासून ऐकली. शेजाऱ्यांच्या प्लेअरचे फेरे मोजले. ते शंभर भरले.

धुतल्यावर उजेडात तिरकी धरून पाहिली तेव्हा एक गोष्ट दिसली, ती पहिल्यांदा बुरशीमुळे लक्षात आली नव्हती. पहिली बाजू जवळजवळ नव्यासारखी काळीभोर चकाकते. दुसऱ्या बाजूचा बाहेरचा पट्टा, म्हणजे ‘फॉर अ स्पॅनिश गिटार’ जिथे आहे तेवढा भाग, राखाडी पडला आहे. त्या गाण्याच्या आरंभीच सुई ठेवताना झालेले बारीक ओरखडेही आहेत; एक-दोन नव्हेत, दाटीवाटीने. परखड यांना पहिल्या बाजूविषयी जे म्हणायचे आहे, त्याबाबत काकांचे मत त्यांच्याशी जुळत होते असे दिसते.

गाण्याविषयी माझे मत बदलले का, तर थोडेसे. तानपुरा यांनी सांगितलेली ओळीच्या शेवटची रिकामी जागा शोधत ऐकले तेव्हा कळले की मी पहिल्यांदा गाणे ऐकत नव्हतो, ते पुढे सरकण्याची वाट पाहत होतो. ‘१९७५’ नावाचे शेवटचे गाणे १९७१ च्या ॲल्बममध्ये, म्हणजे चार वर्षे पुढचे साल घेऊन आले, याची मौज वाटली. तोपर्यंत काका परतून नोकरीला लागले होते.

काकू आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि आमच्याकडेच असतात. त्या आतल्या खोलीत मटार सोलत बसल्या होत्या. गाणे सुरू झाल्यावर त्यांचे हात थांबले, बाहेर येऊन त्यांनी दारातूनच विचारले, “हे त्यांचे रविवारचे गाणे ना?” मी हो म्हटले. मग थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “पण हा तो माणूस नव्हे. त्याचा आवाज याच्यापेक्षा जड होता.” मी कव्हर दाखवले, पेन्सिलीचे अक्षर दाखवले; त्यांना काही ते पटले नाही.

स्नेहलतागंजकर यांचे उत्तर आठवले आणि संध्याकाळी ट्रंकेशेजारचा काकांचा जुना प्लेअर खाली काढला. आश्चर्य म्हणजे तो चालतो. आतले रबरी चाक टणक झाले आहे आणि वंगण गोंदासारखे घट्ट झाले आहे. कपटा लावून तीन मिनिटे मोजले: चौऱ्याण्णव आणि थोडे अधिक. त्यावर तेच गाणे लावले तेव्हा काकू आतूनच म्हणाल्या, “हां, आता आला.”

दुरुस्ती करणारा माणूस सोमवारी येणार आहे. रबरी चाक बदलायला सांगावे की नाही, याबद्दल सल्ला हवा आहे.

स्नेहलतागंजकर

घट्ट झालेले वंगण काढायलाच हवे, नाहीतर मोटर जळेल. तेवढे केल्यावर वेग बहुधा आपोआपच थोडा वाढेल. रबरी चाक मात्र बदलू नका. आपल्यासाठी वेग कमी-जास्त करता येणारा दुसरा प्लेअर घ्या, आणि त्याचा वेग रविवारी सकाळी थोडा उतरवून ठेवत चला.